पत आणि तारण : मुंबई इलाख्यातील स्त्रियांचे छोटे धंदे व त्यांचे कर्ज

(१)

मराठीत 'पत' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक, अब्रू किंवा लौकिक. दुसरा, उसने वा कर्जाऊ मिळण्याची योग्यता. पेढीवरील व्यापाऱ्याच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्याचा लौकिक हेच त्याचे पहिले भांडवल असते. स्त्रीच्या बाबतीत मात्र या दोन अर्थांची फारकत झालेली दिसते. घराण्याची पत तिच्या वर्तनावर अवलंबून असल्याचे मानले गेले, पण बाजारातील पत तिच्या नावे क्वचितच मांडली गेली. भाजी, मासळी, पापड, गोधड्या, बांगड्या विकणारी किंवा खाणावळ चालविणारी स्त्री रोज देवघेव करीत होती, उधार घेत होती आणि उधार देतही होती. तरीही कर्ज देणाऱ्या संस्थांच्या दप्तरात तिचा धंदा 'धंदा' म्हणून उतरण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे चरण उजाडावे लागले. हे असे का घडले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. विवेचनाची कक्षा पूर्वीचा मुंबई इलाखा आणि त्यातून पुढे आलेली महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये एवढीच ठेवली आहे.

या विषयाचा जो वृत्तांत सामान्यतः सांगितला जातो, तो असा : १९७० पूर्वी गरीब स्त्रीस कर्ज मिळत नव्हते, पुढे बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, स्त्रियांच्या सहकारी बँका व बचत गट निघाले, आणि कर्जाचे दार उघडले. या वृत्तांतात तथ्य आहे, परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. १९७० पूर्वीच्या स्त्रीला कर्ज मिळत होते. मात्र ते दुकानदाराच्या वहीतून, सोनाराच्या पेढीवरून किंवा पठाणाच्या हातून मिळत होते. तेव्हा कर्ज होते की नव्हते, हा खरा प्रश्न नव्हे. परतफेडीची खात्री कशावरून करावयाची आणि ती खात्री कोणाच्या नावे लिहावयाची, हा तो प्रश्न आहे. थोडक्यात, स्त्रीच्या कर्जाचा इतिहास हा 'तारण' या कल्पनेचा इतिहास आहे.

(२)

प्रारंभ धर्मशास्त्रापासून करणे अवश्य आहे. कारण इंग्रजी न्यायालयांनी हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचा निर्णय याच आधारावर केला. स्त्रीधनाच्या चर्चेत कात्यायनाचे एक वचन धंद्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. स्त्रीने शिल्पाने, म्हणजे स्वतःच्या कारागिरीने, मिळविलेले आणि परक्या माणसाकडून प्रीतीने मिळालेले धन यांवर पतीचे स्वामित्व असते. उरलेले ते स्त्रीधन, असा त्याचा आशय आहे. पित्याने, भावाने, पतीने दिलेले दागिने तिचे. तिच्या हातांनी कमावलेले मात्र पतीच्या अधिकाराखाली. दान आणि कमाई यांतील ही सीमारेषा पुढील सर्व इतिहासास पुरली. स्त्रीपाशी गहाण ठेवण्याजोगे जे होते, त्याचा तिच्या धंद्याशी काही संबंध नव्हता. आणि धंद्यातून जे येत होते, ते तिला स्वतःचे म्हणून गहाण टाकता येत नव्हते. दागिन्यांवरील तिचे स्वामित्वही निर्बाध नव्हते. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी व बंधन या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे त्याच्यावर बंधन नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो.

याच याज्ञवल्क्यस्मृतीच्या ऋणादान प्रकरणात मात्र एक अपवाद नमूद आहे आणि तो फार बोलका आहे. सर्वसाधारण नियम असा की, पत्नीने केलेले ऋण फेडण्यास पती बांधलेला नाही. परंतु गवळी, मद्य विकणारे, नट, परीट आणि व्याध यांच्या स्त्रियांनी केलेले ऋण त्यांच्या पतींनी फेडावे; कारण त्यांची उपजीविका त्या स्त्रियांवर अवलंबून असते. या वचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ज्या जातींत स्त्री उघडपणे बाजारात बसत होती, तेथे ती धंद्यासाठी ऋण काढीत होती आणि सावकार तिला ते देत होता. अन्यथा असा नियम करण्याची गरजच पडली नसती. दुसरी गोष्ट अशी की, शास्त्रकारांनी तेथे लक्ष दिले ते धंदा चालवितो कोण, या वस्तुस्थितीकडे. धन कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या ठिकाणी दुय्यम ठरला. शिवाय स्त्रीने स्वतः केलेले, स्वतः मान्य केलेले किंवा पतीसह केलेले ऋण तिने फेडावे, असेही ही स्मृती म्हणते. ऋणको म्हणून स्त्री ही कल्पना म्हणजे पश्चिमेकडून आलेली नवलाई नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

(३)

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी न्यायालयांनी या विविधतेतून एक सरसकट नियम घडविला. पश्चिम हिंदुस्थानात मिताक्षरा व व्यवहारमयूख हे ग्रंथ प्रमाण मानले जात, आणि स्त्रीच्या वारसाहक्काबाबत मुंबईचे न्यायालय इतर प्रांतांपेक्षा काहीसे उदार होते. परंतु विवाहित हिंदू स्त्रीने केलेल्या कराराची जबाबदारी तिच्या स्त्रीधनापुरतीच राहील, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १८७० च्या दशकापासून घेतली. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने पत्नीची स्वकष्टाची कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरविली खरी. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन यांना तो कायदा लागूच नव्हता. म्हणजे ज्या स्त्रिया या देशात बहुसंख्येने छोटे धंदे करीत होत्या, त्याच या कायद्याच्या बाहेर राहिल्या.

दिवाणी व्यवहारसंहितेने यात आणखी एक पदर जोडला. १९०८ च्या संहितेनुसार पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत स्त्रीस अटक करता येत नाही. त्याच संहितेने नेसण्याचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्तीतून वगळले. या तरतुदी दयाबुद्धीच्या होत्या आणि त्यांनी असंख्य घरांचा संसार वाचविला, हे मान्य केले पाहिजे. तथापि सावकाराच्या बाजूने पाहता त्यांचा अर्थ निराळा होता. ज्या स्त्रीचा धंदाच भांडीकुंडी व चूल यांवर उभा होता, तिच्यापाशी जप्त करण्याजोगे काही उरले नाही. कायद्याने तिला संरक्षण दिले आणि त्याच संरक्षणामुळे ती तारणहीन ठरली. उरले ते मोडता येण्याजोगे सोने. म्हणून छोट्या धंद्यातील स्त्रीचे कर्ज एकतर दागिना गहाण टाकून मिळे किंवा निव्वळ तोंडओळखीवर मिळे. मधला मार्ग जवळजवळ नव्हता.

(४)

सरकारचे लक्ष या काळात कर्जाच्या प्रश्नाकडे नव्हते, असे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि ते पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्याचे फलित म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा. पुढे १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची व्यवस्था झाली, आणि १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा पाया घातला. या सर्व कायद्यांसमोर जो ऋणको उभा होता, तो जमीन कसणारा कुटुंबप्रमुख होता. १९०४ च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण पतपेढीचे किमान चार-पंचमांश सभासद शेतकरी असावे लागत आणि सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. स्त्रीने सभासद होऊ नये, असे कोठेही लिहिलेले नव्हते. परंतु अमर्याद जबाबदारीच्या संस्थेत प्रत्येक सभासद दुसऱ्याच्या मालमत्तेकडे पाहूनच त्याला आत घेतो. ज्याच्या नावे सात-बाराचा उतारा नाही, त्याला तेथे जागा मिळणे कठीण होते. कायद्याने स्त्रीला वगळले नाही. तारणाच्या कल्पनेने वगळले.

१९५१–५२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वतीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी झाली. अ. दा. गोरवाला हे तिच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष होते आणि धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते. १९५४ मध्ये सादर झालेल्या अहवालाने दाखवून दिले की, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून येत होते, सहकारी संस्थांकडून अवघे ३.१ टक्के, सरकारकडून ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांकडून ०.९ टक्के. हे आकडे पुढील धोरणाचे अधिष्ठान ठरले. परंतु या पाहणीचे मोजमापाचे एकक 'कुटुंब' हे होते. कुटुंबाच्या आत कोणी, कशासाठी आणि कोणाच्या विश्वासावर उसने आणले, हे अशा मोजणीत उमटणे शक्य नव्हते.

याच अहवालातील एक शिफारस येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जमिनीच्या गहाणावर कर्ज देण्याऐवजी येणाऱ्या पिकाच्या अंदाजावर कर्ज द्यावे आणि त्या पिकाच्या विक्रीतून ते वसूल करावे, अशी पीककर्जाची पद्धत अहवालाने पुरस्कारिली. मुंबई राज्यात ती काही अंशी आधीपासूनच चालू होती. तिचे तत्त्व असे की, पत मालमत्तेवरून न ठरविता उत्पादनावरून ठरवावी. शेतकऱ्यास जर न उगवलेल्या पिकावर कर्ज देता येते, तर रोज विकल्या जाणाऱ्या भाजीवर किंवा रोज शिजणाऱ्या अन्नावर का देता येऊ नये? तर्क तोच होता. परंतु तो शेताच्या बांधापाशी थांबला. स्त्रीच्या धंद्यापर्यंत पोहोचण्यास त्याला आणखी वीस वर्षे लागली.

(५)

या वीस वर्षांत आणि त्यापूर्वी अशा धंद्याचे अर्थकारण प्रत्यक्ष कसे चालत होते, हे पाहण्यास मुंबईच्या गिरणगावातील खाणावळ हे उत्तम उदाहरण आहे. परळ, लालबाग, वरळी, नायगाव या भागांतील गिरणी कामगारांपैकी बहुसंख्य पुरुष रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून कुटुंब गावी ठेवून आलेले असत. एकेका खोलीत अनेकजण राहात आणि जेवण खाणावळीत घेत. खाणावळ म्हणजे बहुधा चाळीतील एका कुटुंबाची खोली. तेथील स्त्री आपल्या घरच्या चुलीवर आणखी दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण १९२० नंतरच्या दशकांत नव्या कार्यपद्धतींमुळे जसजसे घटत गेले, तसतसा हा धंदा अनेक घरांचा आधार बनला.

गिरण्यांत पगार महिन्याने मिळे आणि तोही पुढील महिन्याच्या साधारण दुसऱ्या आठवड्यात. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांसाठी ही मुदत पुढील महिन्याच्या दहाव्या दिवसापर्यंत आणली. आता हिशेब करून पाहावा. पगार बारा तारखेस होतो, असे धरल्यास महिन्याच्या पहिल्या दिवशी वाढलेल्या ताटाचे पैसे सुमारे ४१ दिवसांनी येणार आणि शेवटच्या दिवशीच्या ताटाचे १२ दिवसांनी. वीस माणसे जेवीत असतील, तर पगाराच्या आदल्या रात्री त्या बाईची येणे उधारी ८०० हून अधिक दिवसभरांच्या जेवणांची होते. एवढे भांडवल तिच्यापाशी कोठून असणार? ते वाण्याकडून येई. धान्य, तेल, मीठ, मिरची उधारीवर येई आणि पगार झाला की वाण्याची वही चुकती होई. म्हणजे गिरणीमालक कामगाराचे वेतन ज्या काळासाठी आपल्याकडे ठेवून घेई, त्या काळाचा भार प्रत्यक्षात खाणावळवाली उचलीत होती. ती केवळ ऋणको नव्हती. ती वीस कामगारांची धनकोही होती.

कामगारांची कर्जे पठाणाकडून रुपयास दरमहा एक आणा व्याजाने, म्हणजे सालीना ७५ टक्क्यांनी घेतली जात, हे त्या काळच्या चौकशांत वारंवार नमूद झाले आहे. खाणावळीची उधारी मात्र चौकशीचा विषय झाली नाही. कारण ती व्याजाच्या रूपाने दिसत नव्हती. वाणी तिच्याकडून उघड व्याज घेत नसे. पण ज्याच्या वहीत नाव आहे, त्याच्याच दुकानातून, तो सांगेल त्या भावाने आणि तो देईल त्या प्रतीचा माल घेणे तिला भाग होते. व्याज भावात दडलेले होते. म्हणून या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. वाण्याने बाईची पत ओळखली होती, हे खरे. पण ती ओळख त्याच्या वहीपुरती होती. दुसऱ्या दुकानात ती नेता येत नव्हती आणि तिच्या आधारे चुलीच्या जागी शेगडी किंवा एका खोलीच्या जागी दोन खोल्या करता येत नव्हत्या. पत होती, पण ती हस्तांतरणीय नव्हती. स्त्रियांनी स्वतः चालविलेली भिशी हाच काय तो तिला पर्याय होता. दरमहा ठरावीक रक्कम जमा करून पाळीपाळीने एकीस देण्याच्या या पद्धतीत तारण लागत नसे. नियमितपणा हेच तारण असे.

(६)

स्त्रियांना धंद्याचे कौशल्य देण्याचे प्रयत्न याच काळात झाले. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली शिवण व इतर कामांचे वर्ग चालविले. त्यांतून अनेक निराधार स्त्रियांना पोटापाण्याचे साधन मिळाले. पण कौशल्य आणि भांडवल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवण शिकलेली स्त्री यंत्र घेण्यास पैसे कोठून आणणार, हा प्रश्न बहुधा कुटुंबाच्या किंवा एखाद्या दात्याच्या दयेवर सोडलेला राही.

१९५९ च्या मार्च महिन्यात गिरगावातील सात स्त्रियांनी पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले ८० रुपये हे त्यांचे भांडवल. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही पुढे देशभर पसरलेली संस्था यातून उभी राहिली, आणि १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. या उदाहरणाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ८० रुपये देणारी व्यक्ती होती, बँक नव्हती. आणि दिले गेले ते ओळखीच्या विश्वासावर. एवढे छोटे भांडवल एवढ्या मोठ्या उद्योगास पुरेसे ठरले, यावरून स्त्रियांना मोठ्या कर्जाची गरज नसते, असा निष्कर्ष पुढे काहींनी काढला, आणि तो चुकीचा आहे. लिज्जतला मोठेपण आले ते लाटणाऱ्या प्रत्येक स्त्रीस सभासदत्व व नफ्यात वाटा देणाऱ्या रचनेमुळे, आणि मान्यतेनंतर खेळत्या भांडवलाची सोय झाल्यामुळे. एकट्या खाणावळवालीस ही दोन्ही साधने अप्राप्य होती.

(७)

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये भेदक व्याजदराची योजना आली. तिच्यानुसार बँकांनी आपल्या मागील वर्षाच्या एकूण कर्जाच्या एक टक्का रक्कम अत्यंत गरीब ऋणकोंना ४ टक्के व्याजाने द्यावयाची होती. पठाणाचे ७५ टक्के आणि बँकेचे ४ टक्के यांतील अंतर सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु स्वस्त कर्ज जाहीर होणे आणि ते गिरणगावातील चाळीत पोहोचणे यांत मोठी दरी होती. बँकेस पत्ता, ओळख, जामीन आणि सही हवी होती. बहुतेक बायकांपाशी चौघांपैकी एकही कागदावर नव्हते.

ही दरी भरून काढण्याचे दोन प्रयत्न जवळजवळ एकाच वेळी झाले. गिरण्यांतील संपांच्या काळातही खाणावळवाल्या कामगारांना उधारीवर जेवू घालतात आणि स्वतः कर्जात बुडतात, हे कामगार चळवळीतील प्रेमा पुरव यांनी पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या बायकांना संघटित केले आणि बँक ऑफ बडोदाकडून त्यांना कर्जे मिळवून दिली. मंडळाने बँकेपुढे ठेवले ते रोजच्या ताटांच्या संख्येचे व परतफेडीच्या शिस्तीचे प्रमाण; मालमत्ता दाखविण्याचा प्रश्न नव्हता. वाण्याच्या वहीत कोंडलेली पत प्रथमच बँकेच्या खात्यात उतरली.

दुसरा प्रयत्न अहमदाबादेत झाला. तेथील मजूर महाजनाच्या महिला विभागातून १९७२ मध्ये एला भट्ट यांच्या पुढाकाराने 'सेवा' ही संघटना निघाली. भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, विडी वळणाऱ्या अशा स्त्रिया तिच्या सभासद होत्या. प्रारंभी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्जे मिळवून देण्यात आली. पण बँकेच्या वेळा व रीतीभाती त्यांना सोयीच्या नव्हत्या, आणि घरी आणलेली रोकड पुरुषांपासून सुरक्षित राहात नव्हती. तेव्हा १९७४ मध्ये ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक स्थापन केली. निरक्षर स्त्रिया सही कशी करणार, हा आक्षेप येताच प्रवर्तक स्त्रियांना रात्रीत सही करण्यास शिकविण्यात आले. खातेदारांसाठी सहीच्या जोडीला छायाचित्राची ओळख ठेवण्यात आली. येथे बदलली ती बँक. स्त्रीने बँकेसारखे व्हावे, अशी अपेक्षा ठेवली गेली नाही. प्रथम बचत आणि नंतर कर्ज हा क्रमही अर्थपूर्ण होता. नियमित बचत ही परतफेडीच्या शक्तीची नोंद आहे, हे भिशीतील जुने ज्ञान त्यात विधिवत् मान्य झाले. एला भट्ट यांच्याच अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचा 'श्रमशक्ती' हा अहवाल १९८८ मध्ये आला आणि स्वयंरोजगारी स्त्री ही श्रमिक व उत्पादक असल्याची नोंद राष्ट्रीय पातळीवर झाली.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तारण नसणे ही गरिबीची अडचण आहे, स्त्रीत्वाची नव्हे. हातगाडीवाल्या पुरुषालाही बँक दारात उभी करीत नव्हती, असे म्हणता येईल. हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु गरीब पुरुषाची कमाई कायद्याने त्याची होती. स्त्रीच्या कमाईवर शास्त्र व रूढी यांनी दुसऱ्याचा अधिकार सांगितला होता. गरीब पुरुषास जामीन लागे; स्त्रीस जामिनाखेरीज पतीची संमतीही विचारली जाई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुरुषाच्या हातगाडीस कोणी घरकाम म्हटले नाही. वीस माणसांचा स्वयंपाक मात्र अनेक दशके घरकामातच मोडला. हे तीन अडथळे गरिबीवर चढलेले वेगळे थर होते.

(८)

तारणाचा प्रश्न सोडविण्याचे यापुढे दोन मार्ग दिसतात. पहिला, स्त्रीच्या नावे मालमत्ता करणे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिच्या ताब्यातील मालमत्तेवर तिला पूर्ण स्वामित्व दिले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्यास प्रवृत्त केले. दुसरा मार्ग, मालमत्तेची अटच सैल करणे. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे गटबांधणीचे मोठे काम केले. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. अहमदाबादेत तेवीस वर्षांपूर्वी ज्या सहीने वाट अडविली होती, तीच म्हसवडलाही आडवी आली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

बचत गटाने तारणाच्या जागी गटाची सामुदायिक हमी आणली, हे त्याचे मोठे यश होय. परंतु त्यातून एक नवी मर्यादा जन्मास आली. गटास मिळालेले कर्ज सभासदांत वाटले जाते. ते एकीच्या धंद्याच्या उलाढालीवरून ठरत नाही. त्यामुळे ज्या स्त्रीचा धंदा वाढण्याजोगा आहे, तिला गटाच्या सरासरीपुरतेच मिळते. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील गिऱ्हाईक ओसरत गेले, तेव्हा खाणावळवालीस नव्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे कार्यालयीन डब्यांकडे किंवा समारंभांच्या स्वयंपाकाकडे वळावे लागले. अशा वळणावर लागणारे भांडवल गटाच्या वाट्यातून क्वचितच निघते. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने लघुउद्योगांना १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याचे बंधन बँकांवर घातले, आणि २०१५ मध्ये मुद्रा योजना आली. तिच्या पहिल्या दशकातील खात्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खाती स्त्रियांची होती. रकमेतील त्यांचा वाटा मात्र त्या मानाने बराच कमी राहिला. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी स्थापन झालेली भारतीय महिला बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. दार उघडले, पण उंबरठा ओलांडून स्त्री किती आत जाऊ शकते, हे रकमेवरून ठरते.

(९)

या दीर्घ प्रवासाचा मथितार्थ असा सांगता येईल. कात्यायनाने कमाई पतीची ठरविली, न्यायालयांनी स्त्रीची जबाबदारी दागिन्यांपुरती ठेवली, संहितेने तिची भांडी जप्तीबाहेर ठेवली, सहकाराने जमिनीवर भिस्त ठेवली, आणि पतपाहणीने तिला कुटुंबाच्या बेरजेत मिळविले. प्रत्येक टप्प्यावरील हेतू वेगळा होता. काही हेतू तर तिच्या रक्षणाचेच होते. परिणाम मात्र एकच झाला. तिच्या धंद्याची उलाढाल, म्हणजे परतफेडीचा खरा आधार, संस्थांना वाचता येईल अशा रूपात कधी मांडलीच गेली नाही. ज्या ज्या वेळी ती मांडली गेली, मग ती याज्ञवल्क्याच्या अपवादात असो, वाण्याच्या वहीत असो, अन्नपूर्णा मंडळाच्या अर्जात असो किंवा सेवा बँकेच्या बचत-पुस्तिकेत असो, त्या त्या वेळी कर्ज मिळाले आणि फेडलेही गेले.

म्हणून स्त्रियांच्या कर्जाकडे कल्याणकार्याचा एक भाग म्हणून पाहण्याची दृष्टी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. कल्याणाच्या दृष्टीत रक्कम गरजेवरून ठरते आणि म्हणून ती छोटी राहते; धंद्याच्या दृष्टीत ती उलाढालीवरून ठरते आणि धंद्याबरोबर वाढते. १९५४ च्या अहवालाने शेतकऱ्याच्या बाबतीत ही दुसरी दृष्टी स्वीकारली होती. खाणावळीच्या चुलीसही तोच न्याय लावावयाचा, तर बँकेने प्रथम विचारावयाचे ते एवढेच की, रोज किती ताटे वाढली जातात आणि त्यांचे पैसे किती दिवसांनी येतात.